मांजराचा पंजा आणि घामाचे औषध

कुत्र्यामांजरांना घाम येत नाही, असे आपण वर्गात सांगून टाकतो. ते सोळा आणे खरे नाही. मांजराच्या अंगभर आपल्यासारख्या पाझरणाऱ्या ग्रंथी नसतात हे बरोबर. पण पंजाखाली ज्या केस नसलेल्या मऊ गाद्या असतात, त्यांत घामाच्या ग्रंथी असतात. जनावरांच्या दवाखान्यात टेबलावर घाबरून बसलेल्या मांजराच्या पावलांचे ओले ठसे उमटलेले कधीकधी दिसतात. कोरड्या केलेल्या गादीवर भिंग धरले, तर घामाचे टाचणीच्या टोकाएवढे थेंब एकेक करून वर येताना पाहता येतात.

या इवल्याशा थेंबांनी शरीरक्रियाशास्त्राला एक कोडे घातले. ते सुटायला १८७५ पासून १९३४ पर्यंतचा काळ गेला. घाम थांबवणारी औषधे त्याआधीही दिली जात होती आणि ती लागूही पडत. पण ती नेमके काय करतात, आणि घाम थांबवताना तोंड का सुकवतात, नजर का अंधुक करतात, हे समजले ते मांजराच्या पंजामुळे.

ओला रुमाल

घाम ही तशी उपकारक गोष्ट आहे. माणसाच्या कातडीत साधारण वीस ते चाळीस लाख स्वेदग्रंथी असतात. पाण्याच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणून ५४० हा आकडा मुलांना पाठ असतो. तो शंभर अंश सेल्सियसचा आकडा. कातडीच्या तापमानाला तो थोडा अधिक, ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी एवढा असतो. म्हणजे एक लिटर घाम कातडीवर वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. उन्हात खणणारा मजूर तासाला एक लिटर घाम सहज गाळतो. हा घाम अडला तर त्याचा जीव धोक्यात येईल.

पण काहींना थंडीच्या दिवसांत, सावलीत बसूनही घामाच्या धारा लागतात. बहुधा तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा अशा ठरावीक जागी. अशी मुले आपल्या वर्गात असतात आणि आपल्या लक्षात येत नाहीत, कारण ती हात लपवतात. उत्तरपत्रिका लिहिताना हाताखाली रुमाल ठेवतात. शाई फुटते, कागद फाटतो, आणि अस्वच्छ लेखनाचे गुण जातात. कबड्डीत, हार्मोनियमवर, प्रयोगशाळेत काचेची नळी धरताना त्यांची कुचंबणा होते. याला वैद्यकात अतिस्वेदन म्हणतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत हे प्रमाण लोकसंख्येच्या २.८ टक्के निघाले होते. तक्रार बहुतेक वेळा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होते, पुष्कळदा घराण्यात आढळते, आणि मूल झोपले की घाम थांबतो.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अशा मुलाच्या स्वेदग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर त्या इतरांसारख्याच दिसतात. त्यांची संख्याही जास्त नसते. ग्रंथी निरोगी आहेत, त्यांना वरून येणारा हुकूम मात्र गरजेपेक्षा जास्त आहे. त्यामुळे 'घाबरू नकोस, घाम येणार नाही' हा आपला नेहमीचा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. भीतीने घाम वाढतो हे खरे, पण या मुलाला घाम येतो म्हणूनच भीती वाटत असते.

याउलट रात्री झोपेत कपडे भिजवणारा घाम ही वेगळी बाब आहे. तो दुसऱ्या कुठल्या तरी आजाराची खूण असू शकतो आणि त्याचे कारण डॉक्टरांनी शोधायला हवे. पण घामावरच्या औषधांचा इतिहास सुरू झाला तो नेमका अशा रात्रीच्या घामापासून.

क्षय, बेलाडोना आणि आपला धोतरा

घाम मोजण्याचा नाद वैद्यकाला तसा जुना. इटलीतील सँक्टोरियस याने मोठ्या तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून, खाल्ले-प्यायलेले आणि बाहेर टाकलेले सगळे वर्षानुवर्षे तोलले, आणि न दिसता उडून जाणाऱ्या घामाबद्दल १६१४ मध्ये पुस्तक लिहिले. स्वेदग्रंथी डोळ्यांना दिसायला मात्र चांगले सूक्ष्मदर्शक यावे लागले. १८३३ मध्ये ब्रेस्लाऊ येथे पुर्किन्ये आणि त्याचा विद्यार्थी वेंड्ट यांनी त्यांचे वर्णन केले.

त्या शतकात युरोपभर क्षयाने थैमान घातले होते. क्षयाच्या रोग्याला रात्री असा घाम फुटे की अंथरूण पिळून काढावे लागे. रोगावर इलाज नव्हता. निदान रोग्याला कोरडी झोप तरी मिळावी, एवढ्यासाठी डॉक्टर बेलाडोनाचा अर्क किंवा त्यातील शुद्ध द्रव्य ॲट्रोपिन देऊ लागले. १८७० च्या दशकात लंडनमध्ये याचा पुरस्कार करणाऱ्यांत सिडनी रिंगर होता. सलाइनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' असे लिहिलेले आपण वाचतो, तोच हा रिंगर.

ॲट्रोपिन घाम आटवते हे कुणाला सुचले, असा प्रश्न पडेल. ते सुचण्याची गरज नव्हती. बेलाडोनाच्या विषबाधेत ते उघड दिसत असे. युरोपात जी बेलाडोना, तिचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे उकिरड्यावर उगवणारा धोतरा. दोन्ही वांग्याच्या कुळातले, आणि दोघांचीही विषारी द्रव्ये एकाच जातीची. धोतऱ्याचे बी पोटात गेलेला माणूस आपल्या खेड्यापाड्यांत अनेकांनी पाहिला असेल. तोंड कोरडे ठणठणीत, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, नाडी धावती, लघवी अडलेली, कातडी लाल, तापलेली, आणि घामाचा टिपूसही नाही. माणूस असंबद्ध बडबडतो, हवेत काहीतरी चाचपडतो. एका विषाने शरीराच्या इतक्या कोपऱ्यांत एकाच वेळी हात घालावा, यात काही सूत्र असणार हे उघड होते. ते सूत्र तेव्हा माहीत नव्हते. ॲट्रोपिन १८३१ मध्ये जर्मन औषधविक्रेता माइन याने वेगळे काढले होते; रसायन हातात होते, खुलासा नव्हता.

रोग्याचा घाम थांबला तरी क्षय थांबत नसे. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, मग त्याच्या जोडीची औषधे आली, आणि रोगच बरा होऊ लागल्यावर रात्रीच्या घामासाठी ॲट्रोपिन देण्याचे कारण उरले नाही.

ब्राझीलची पाने

ॲट्रोपिनच्या नेमके उलट काम करणारे द्रव्य ब्राझीलमधून आले. तेथील लोक जाबोरांदी नावाच्या झुडपाची पाने वापरत. ती खाल्ली की तोंडाला पाणी सुटते आणि अंग घामाने निथळते. कूतिन्यू या ब्राझीलच्या डॉक्टरने ती पाने पॅरिसला नेली आणि १८७४ मध्ये गुब्लर याने तेथे रुग्णांवर त्यांचा प्रयोग केला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये हार्डी आणि इंग्लंडमध्ये जेरार्ड यांनी स्वतंत्रपणे त्यातील क्रियाशील द्रव्य मिळवले. ते पायलोकार्पिन. आजही एखाद्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक रोग आहे का हे पाहण्यासाठी, सौम्य विजेच्या मदतीने कातडीत पायलोकार्पिन सोडून घाम आणवतात आणि त्यातील क्षार मोजतात. ही पद्धत १९५९ ची.

आता प्रयोगकर्त्यांच्या हाती घामाचा नळ सोडणारे एक आणि बंद करणारे एक अशी दोन औषधे होती. हवा होता तो सोयीचा प्राणी. १८७५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या गोल्ट्झ याने पाहिले की मांजराच्या मांडीतून जाणाऱ्या जाड चेतेला विजेचा झटका दिला की त्या पंजाच्या गाद्यांवर घाम येतो. झुरिचच्या लुखसिंगर याने हा धागा धरला. घाम म्हणजे रक्तातून गाळून बाहेर पडलेले पाणी, असा तेव्हा अनेकांचा समज होता. रक्त जास्त आले की घाम जास्त. लुखसिंगरने पायाचा रक्तप्रवाह तोडला आणि मग चेतेला झटका दिला. तरीही काही वेळ घाम येत राहिला. म्हणजे चेता थेट ग्रंथीलाच हुकूम देत होती. त्याने हेही दाखवले की हे चेतातंतू मेरुरज्जूतून निघून अनुकंपी साखळीतून पंजापर्यंत पोचतात.

मग त्याने दोन्ही औषधे एकमेकांविरुद्ध लावून पाहिली. पायलोकार्पिनने आलेला घाम ॲट्रोपिनने थांबे. ॲट्रोपिनने कोरड्या पडलेल्या पंजात पायलोकार्पिनचा मोठा डोस टोचला, की घाम पुन्हा येई. जिंकणार कोण, हे मात्रेवर ठरत होते. दोन गडी एकाच दोरीला धरून ओढत असावेत, तसे हे दिसत होते.

केंब्रिजमध्ये जॉन लँग्ली नावाचा तरुण लाळग्रंथींवर हेच दोन पदार्थ वापरत होता. १८७८ मध्ये त्याने लिहिले की चेतेच्या टोकाशी किंवा ग्रंथीच्या पेशीत असा काही पदार्थ असला पाहिजे, ज्याच्याशी ही दोन्ही औषधे संयोग पावू शकतात. १९०५ मध्ये त्याने या कल्पनेला 'ग्रहण करणारा पदार्थ' असे नाव दिले. आज आपण ज्याला ग्राही म्हणतो तो हाच. औषध म्हटले की त्याचा ग्राही कोणता, असा प्रश्न विचारण्याची सुरुवात लाळ आणि घामातून झाली, ही गंमत मुलांना अवश्य सांगावी.

न जुळणारे गणित

आतड्यांची हालचाल, हृदयाची गती, बाहुलीचा आकार, घाम, लाळ हा सगळा आपल्या इच्छेबाहेरचा कारभार ज्या चेतांकडे आहे, तिला लँग्लीने स्वायत्त चेतासंस्था म्हटले. तिचे दोन विभाग: अनुकंपी आणि परानुकंपी. ढोबळमानाने, धोक्याच्या वेळी अंगाला तयार करणारी ती अनुकंपी, आणि जेवून निवांत बसल्यावर काम करणारी ती परानुकंपी.

विसाव्या शतकाच्या आरंभी एक मोहक नमुना दिसू लागला. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून काढलेले ॲड्रिनलिन शरीरात टोचले, की अनुकंपी चेता उद्दीपित केल्यासारखे परिणाम होत. हृदय धावे, रक्तदाब वाढे, बाहुली रुंदावे. १९०४ मध्ये एलियट या तरुण संशोधकाने सुचवले की अनुकंपी चेतांची टोके बहुधा ॲड्रिनलिनच सोडत असावीत. चेतेचा संदेश शेवटच्या टप्प्यात रसायनाच्या हाती दिला जातो, ही कल्पना तेव्हा फारच धाडसी होती.

या सुंदर नमुन्यात खडा होता तो मांजराच्या पंजाचा. घामाच्या चेता अनुकंपी आहेत, यात शंका नव्हती. मग ॲड्रिनलिनने पंजाला घाम फुटायला हवा होता. तो फुटत नव्हता. उलट पायलोकार्पिनने फुटत होता आणि ॲट्रोपिनने थांबत होता, म्हणजे वागणूक सगळी परानुकंपी. शरीररचना एक सांगत होती आणि औषधे दुसरेच. असा अपवाद दिसला की 'निसर्गात अपवाद असायचेच' म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पाठ्यपुस्तकांनी तेच केले. तळटीप टाकली आणि पान उलटले.

दरम्यान १९२१ मध्ये ग्रात्स येथे ऑटो ल्योवी याने बेडकाच्या दोन हृदयांचा तो प्रसिद्ध प्रयोग केला. एका हृदयाची चेता उद्दीपित करून ते मंद केले, त्याच्या भोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडले, आणि दुसरेही मंद झाले. संदेश द्रावणातून गेला होता. लंडनमध्ये हेन्री डेल १९१४ पासून ॲसेटिलकोलीन नावाच्या पदार्थाचे असेच परिणाम अभ्यासत होता. १९२९ मध्ये डेल आणि डडली यांना तो प्राण्यांच्या शरीरात नैसर्गिकरीत्या सापडला. बैल आणि घोडा यांच्या प्लीहेतून तो काढला होता. आता प्रश्न होता तो चेतांच्या टोकांशी तो खरोखर सुटतो, हे ठिकठिकाणी दाखवण्याचा. अडचण अशी, की ॲसेटिलकोलीन निघते अगदी किंचित आणि शरीरातले एक विकर ते क्षणात तोडून टाकते.

या अडचणीवरचा उपाय डेलकडे आला तो राजकारणामुळे. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे विल्हेल्म फेल्डबर्ग या संशोधकाला बर्लिनच्या संस्थेतून काढून टाकण्यात आले. डेलला त्याचे काम माहीत होते. त्याने रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने फेल्डबर्गला लंडनला बोलावून घेतले. फेल्डबर्गने सोबत आणली एक पद्धत: जळूच्या पाठीच्या स्नायूची पट्टी. या पट्टीला इसेरिन लावले की ती ॲसेटिलकोलीनला विलक्षण संवेदनशील होते. कोट्यवधी भागांत एक भाग असले तरी आखडते. इसेरिन हे आफ्रिकेतील कालाबार नावाच्या विषारी बीमधले द्रव्य. ते वर सांगितलेल्या विकराला निकामी करते, त्यामुळे ॲसेटिलकोलीन टिकून राहते.

१९३४ मध्ये डेल आणि फेल्डबर्ग यांनी ही पद्धत मांजराच्या पंजाला लावली. पायाच्या रक्तवाहिन्यांतून रक्ताऐवजी इसेरिन मिसळलेले क्षारांचे द्रावण वाहू दिले. अनुकंपी साखळीला विजेचे झटके दिले. पंजावर घाम आला. शिरेतून बाहेर पडणारे द्रावण गोळा करून जळूच्या पट्टीवर टाकले. पट्टी आखडली. झटके न देता गोळा केलेल्या द्रावणाने ती आखडत नव्हती.

चेता अनुकंपी, पण तिच्या टोकाला सुटणारे रसायन ॲसेटिलकोलीन. कोडे सुटले. डेलने आदल्याच वर्षी सुचवले होते की चेतांची नावे त्या कुठून निघतात यावरून ठेवण्याबरोबरच त्या कोणते रसायन सोडतात यावरूनही ठेवावीत. स्वेदग्रंथींनी ती सूचना किती गरजेची आहे हे दाखवून दिले. १९३६ चे नोबेल पारितोषिक डेल आणि ल्योवी यांना मिळून देण्यात आले. दोन वर्षांनी ऑस्ट्रिया गिळल्यावर नाझींनी ल्योवीला तुरुंगात टाकले आणि पारितोषिकाची रक्कम त्यांच्या ताब्यातल्या बँकेत वळवायला लावूनच देशाबाहेर जाऊ दिले. फेल्डबर्ग मात्र ब्रिटनमध्येच स्थिरावला आणि नव्वदीपुढे जगला.

एक किल्ली, अनेक कुलपे

आता धोतरा खाल्लेल्या माणसाकडे पुन्हा पाहू. लाळग्रंथी, आतडे, मूत्राशय, बाहुली, हृदयाचा वेग आणि घाम, या सगळ्या ठिकाणी शेवटचा संदेश ॲसेटिलकोलीन नेते. ॲट्रोपिन त्या सगळ्या ठिकाणच्या ग्राहींवर जाऊन बसते आणि ॲसेटिलकोलीनला जागा मिळू देत नाही. औषधाला काख आणि तोंड यांतला फरक कळत नाही. घामासाठी घेतलेल्या गोळीने तोंड कोरडे पडणे हा म्हणूनच काही आगंतुक अपघात नव्हे. ती त्याच क्रियेची दुसरी बाजू आहे.

याच्या नेमकी उलटी अवस्था महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके तेच करतात जे फेल्डबर्गच्या प्रयोगात इसेरिनने केले: ॲसेटिलकोलीन तोडणारे विकर बंद पाडतात. फवारणी करताना हे विष श्वासातून, कातडीतून अंगात गेले की ॲसेटिलकोलीन साचत जाते. माणूस घामाने डबडबतो, तोंडाला फेस, डोळ्यांना पाणी, बाहुल्या टाचणीएवढ्या, आणि छातीत पाणी भरून श्वास कोंडतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, काही दगावले. त्या वेळी चर्चेत आलेल्या औषधांत या गटातले मोनोक्रोटोफॉसही होते. अशा विषबाधेत ॲट्रोपिन हेच जीव वाचवणारे औषध ठरते. छातीतला स्राव आटेपर्यंत डॉक्टर ते पुन्हा पुन्हा टोचतात. क्षयाच्या रोग्याला सुखाची झोप मिळावी म्हणून दिलेले द्रव्य इथे प्राणासाठी दिले जाते.

साध्या अतिस्वेदनासाठी मात्र ॲट्रोपिन फारच आडदांड. ते मेंदूतही शिरते. पुढच्या औषधांची धडपड होती ती या आडदांडपणाला वेसण घालण्याची. १९५० च्या दशकात जठराच्या अल्सरवर आम्ल कमी करणारी औषधे शोधताना ॲट्रोपिनच्या धर्तीवर नवे रेणू बनवले गेले. त्यांपैकी ग्लायकोपायरोलेटच्या रेणूत नायट्रोजनला चार कार्बन जोडलेले असतात, त्यामुळे त्यावर कायमचा धन प्रभार राहतो. प्रभारित रेणूला मेंदूभोवतीचा स्निग्ध पडदा सहसा ओलांडता येत नाही. रसायनाच्या शिक्षकांना अमोनियम आयन शिकवताना हे उदाहरण कामी येईल. अल्सरवर पुढे अधिक चांगली औषधे आली आणि ही गोळी त्या कामातून मागे पडली, पण घामासाठी ती राहिली. मूत्राशयासाठी असलेली ऑक्सिब्युटिनिन ही दुसरी गोळी. साओ पावलोमधील डॉक्टरांनी २०१२ च्या सुमारास तिच्या लहान मात्रेच्या चाचण्या घामासाठी केल्या. जाबोरांदी जिथून निघाली, त्याच देशात घाम थांबवण्याची परीक्षा झाली. ऑक्सिब्युटिनिन मात्र मेंदूत पोचते. या जातीची औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळल्यामुळे उतारवयात ती जपून देतात.

आणि ऊन. पोटात घ्यायची ही कोणतीही गोळी सगळ्या अंगाचा घाम कमी करते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हवेचे तापमान शरीरापेक्षा जास्त असते आणि उष्णता बाहेर टाकण्याचा घाम हा एकच मार्ग उरतो. अशा दिवसांत ही गोळी घेऊन मैदानावर खेळणाऱ्या मुलाला उष्माघाताचा धोका असतो. म्हणून दुकानातून स्वतःच आणून घेण्याचे हे औषध नव्हे.

शस्त्रक्रियेचा मार्गही होता. १९२० मध्ये कोत्झारेफ याने अनुकंपी साखळीच तोडून चेहऱ्याचा घाम थांबवला, आणि पुढे दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया सोपी झाली. पण हात कोरडे झाले की अनेकांना पाठीपोटावर भरपाईचा घाम येऊ लागतो, आणि तो परतवता येत नाही.

ग्राहीशी संबंधच न ठेवणारा एक उपाय मात्र आपल्या न्हाव्याच्या पेटीत असतो: तुरटी. ॲल्युमिनिअमचे क्षार घामाच्या नळीत घट्ट होऊन तात्पुरते बूच बसवतात. १९१६ मध्ये स्टिलिअन्स या अमेरिकी डॉक्टरने ॲल्युमिनिअम क्लोराइडचे २५ टक्के द्रावण सुचवले. १९७८ मध्ये २० टक्क्यांचे अल्कोहोलमधील द्रावण आले. रात्री झोपताना, घाम थांबलेला असताना, कोरड्या कातडीवर ते लावायचे. ते चुरचुरते, पण काखेच्या घामाला आजही डॉक्टर आधी हेच देऊन पाहतात. तळहाताची जाड कातडी त्याला तितकी दाद देत नाही.

सॉसेजचे विष

सर्व अंगभर न फिरता हव्या त्या जागीच हुकूम अडवणारे औषध सापडले, ते पुन्हा एका विषबाधेतून. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गचा डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर याने खराब सॉसेज खाऊन आजारी पडलेल्या दीडशेहून अधिक लोकांच्या नोंदी १८२२ मध्ये छापल्या. स्नायू लुळे पडतात, आणि त्यासोबत लाळ, अश्रू, घाम आटतात, हे त्याने बारकाईने टिपले. विष थोडे चाखून स्वतःवर प्रयोगही केला (विद्यार्थ्यांना हे सांगताना त्याचे अनुकरण करू नये असेही सांगावे). एवढ्यावर न थांबता त्याने लिहिले की अल्प मात्रेत हेच विष अति घामासारख्या तक्रारींवर औषध ठरू शकेल. तेव्हा जंतू माहीत नव्हते, ॲसेटिलकोलीन माहीत नव्हते.

जंतू सापडला १८९५ मध्ये. बेल्जियममधील एका खेड्यात अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेले मांस खाल्ले आणि त्यांच्यातले तिघे मेले. त्या मांसातून व्हान एर्मेंजेम याने बोटुलिनमचा जंतू वेगळा काढला. हे विष चेतेच्या टोकातून ॲसेटिलकोलीन बाहेरच पडू देत नाही, हे १९४९ मध्ये लंडनमध्ये दाखवले गेले. ॲट्रोपिन ग्राहीपाशी वाट अडवते, हे विष त्याआधीच दार लावते. तिरळेपणासाठी अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

केर्नरचे भाकीत खरे व्हायला एक निरीक्षण बाकी होते. चेहऱ्याचा अर्धा भाग उडण्याच्या विकारासाठी ही सुई घेतलेल्या रुग्णांच्या त्याच बाजूला घाम येत नाही, असे इंग्लंडमध्ये बुशारा आणि पार्क यांनी १९९४ मध्ये नोंदवले. दोन वर्षांत काखेवर प्रयोग झाले. सुई कुठे टोचायची हे ठरवण्याची पद्धत कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल अशी आहे. मॉस्कोच्या मिनोर याने ती १९२० च्या दशकात काढली: कातडीला आयोडीनचे द्रावण लावून वाळू द्यायचे, वर स्टार्चची पूड भुरभुरायची. जिथे घाम येईल तिथे निळेकाळे ठिपके. बटाट्यावर आपण करतो तीच परीक्षा, फक्त पाणी घामाचे. २००४ मध्ये अमेरिकेत काखेच्या अतिस्वेदनासाठी या विषाला मान्यता मिळाली. एकदा टोचले की परिणाम साधारण सहा महिने टिकतो, मग चेतेची टोके पूर्ववत होतात. तळहातावर सुया दुखतात आणि पकड काही काळ सैल पडू शकते. खर्चही सर्वांना झेपणारा नाही.

अलीकडची औषधे पुन्हा लँग्लीच्या ग्राहीकडे वळली आहेत, पण बाहेरून. ग्लायकोपायरोनिअमने भिजवलेले, काखेला पुसायचे कापड २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. सोफपायरोनिअम हा लेप २०२० मध्ये जपानमध्ये आणि २०२४ मध्ये अमेरिकेत आला. त्याचा रेणू मुद्दाम असा बांधला आहे की कातडीत काम करून तो रक्तात शिरला की लवकर मोडतो. ही औषधे लावल्यावर हात साबणाने धुवावेत, अशी सूचना त्यांसोबत असते. न धुतलेले बोट डोळ्याला लागले तर बाहुली विस्फारते आणि काही काळ अक्षरे पुसट दिसतात.